दार उघडायचा नंबर

गुरुवार, ६ मार्च
दुपारचे सव्वातीन

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी बसच्या कंडक्टरच्या हाती पोचली, हे पत्रही त्याच्याच हाती पाठवते. भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. तुझं अक्षर मात्र अजून तसंच आहे, कोंबडीने शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसं. आपल्या शाळेतल्या मदरने पाहिलं असतं तर या वयात तुला पुन्हा बालवर्गात बसवलं असतं आणि मी मध्ये पडले नसते.

मी ठीक आहे. उजवा खांदा दुखतो, त्याचं कारण पुढे येईल. तुझी मनी ठीक नाही, पण जेवते. आत्ता आतल्या खोलीत एका कुशीवर झोपली आहे. दुसऱ्या कुशीवर वळता येत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, आणि पाच मिनिटांनी दोघींपैकी एक ठेवून देते. मनीच्या लग्नापासून सहा वर्षांत आपलं एवढंच बोलणं झालं आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू लिहितेस: ‘जावईबापू मंगळवारी जिन्यावरून पडले. डावा हात मोडला, प्लास्टर घातलंय. बिचाऱ्यांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही. मनीला ताबडतोब पाठव. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.’

बिट्टे, भांड्याला भांडं लागलं तर आवाज होतो. बरगडी मोडत नाही.

तुझ्या लेकीच्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना तडे गेले आहेत. काल सकाळी मी तिला माझ्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे विभागात आता लांब्या मुख्य आहे. मी निवृत्त झाले तेव्हा त्याला साधी छातीची फिल्म नीट काढता येत नव्हती. आता त्याच्या हाताखाली चार जण आहेत. त्याने पडद्यावर चित्र लावलं आणि बाजूला सरकला. मला बोलून दाखवायची गरज नसते हे त्याला ठाऊक आहे. डावीकडच्या दोन ताज्या. उजवीकडे एक जुनी, आपोआप जुळलेली, गाठ आलेली. करंगळीसुद्धा कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. ती कधी मोडली होती ग? तू विचारलं होतंस? का तुला सांगितलं होतं आणि तू म्हणालीस, ‘हळद लाव’?

हे खोचून लिहिलं. राहू दे. खोडत नाही.

मग लांब्याने घसा खाकरला. म्हणाला, “मॅडम, राग मानू नका. काल संध्याकाळी तुमचे जावईसुद्धा येऊन गेले. जिन्यावरून पडले म्हणाले.”

“दाखव,” मी म्हटलं.

“तसं दाखवता येत नाही, मॅडम. नियम आहे.”

“नियम तुला कोणी शिकवला?”

त्याने दाखवलं.

आता तुला शिकवते, कारण तुला हे कळायलाच हवं. माणूस जिन्यावरून पडतो तेव्हा तळहात पुढे टेकतो. मोडतं ते मनगट. चौतीस वर्षांत मी हजारो पाहिली आहेत, लहान मुलांची, म्हाताऱ्यांची, दारुड्यांची. कोपरापासून करंगळीच्या बाजूने जे हाड जातं, ते मधोमध, खडूसारखं आडवं मोडलेलं असेल, तर तो माणूस पडलेला नसतो. त्याच्यावर कोणीतरी काहीतरी उगारलं होतं आणि त्याने चेहरा वाचवायला हात वर केला होता. हातावर घेतलेला फटका. दुसऱ्या कशानेही ते हाड तिथेच आणि तसंच सहसा मोडत नाही.

तुझ्या जावयाचं तेच हाड मोडलं आहे. तुझं मोडलं होतं तेच.

थांब, लगेच निष्कर्ष काढू नकोस. मी क्रमाने सांगते आहे.

आमच्या विभागात एक फॉर्म असायचा. त्यात रकाना होता, ‘इजा कशी झाली’. नियम असा की सोबत आलेला माणूस जे सांगेल ते लिहायचं. बायकांसोबत नवरा यायचा, नाहीतर सासू. ‘जिन्यावरून पडली.’ ‘न्हाणीघरात घसरली.’ ‘दाराची कड लागली.’ मी लिहायचे. समोर फिल्म लटकत असायची, हाड मधोमध मोडलेलं, आणि मी सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘पडली’. एक शिंपीण तीनदा आली. तीच बाजू, तेच हाड, वर-खाली दोन बोटांच्या अंतरावर. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तीच मला म्हणाली, “लिहा ना बाई, पडले.” मी लिहिलं. चौथ्या वेळी ती आमच्या मजल्यावर आलीच नाही. तिला थेट तळघरात नेलं. तिथे एक्स-रे लागत नाही.

सगळं हॉस्पिटल मला घाबरायचं हे तुला माहीत आहे. डॉक्टर माझ्या तोंडी लागत नसत. एका मोठ्या सर्जनला मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “तुमचे हात धुतलेले नसतील तर माझ्या मशीनला लावू नका.” घरी येऊन लोकांना हे रंगवून सांगायचे. पण त्या नवऱ्यांपैकी एकालाही मी कधी म्हटलं नाही, ‘अहो, जिन्यावरून पडल्यावर हे हाड मोडत नाही.’ भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात. मी चौतीस वर्षं भुंकले, कारण चावायची वेळ आली की मी मागे सरायचे. माझी जीभ तिखट नाही, बिट्टे. ती कडी आहे. आतून लावलेली.

आता मंगळवार.

दुपारचे साडेचार झाले होते. माझा चहा अर्धा झाला होता. मनी ओट्यापाशी ताटं पुसत होती. तिला येऊन नऊ दिवस झाले होते आणि त्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा हसली होती, माझ्याच कशावर तरी. बेल वाजली. दोन छोट्या, मग एक. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. आदळलं नाही, अगदी अलगद ठेवलं.

“तोच आहे,” ती म्हणाली. “मी उघडते, मावशी. मी स्वतः उघडलं की कमी चिडतो.”

हे वाक्य तिने कुठून आणलं ते तुला सांगायला नको.

मी काय म्हणायला हवं होतं? ‘बस खाली, उघडायचं नाही.’ घर माझं, दार माझं, आणि दाराला साखळीसुद्धा आहे. शब्द जिभेवर आलेले मला आठवतात. त्यानंतरचं आठवतं ते असं, की मी न्हाणीघरात होते. कडी लावलेली. बादली उपडी केलेली आणि मी तिच्यावर बसलेले, गुडघे जवळ घेऊन. बादलीतलं पाणी कधी ओतलं, कडी कधी सरकवली, काही सांगता येत नाही. पाय ओले होते. सहासष्ट वर्षांची बाई मी, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि माझ्या शरीराने मला न विचारता मला तिथे नेऊन बसवलं होतं.

तो हळू बोलतो, तुला माहीत आहे. लग्नात मी म्हटलं होतं, मला हळू बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “तुला नवरा नाही, तुला काय कळणार.” चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो त्याच आवाजात तो बोलत होता. हे अक्षर दिसतंय का, आणि आता हे?

“चप्पल घाल,” तो म्हणाला.

“नाही.”

“तमाशा नको. घरी जाऊन बोलू.”

“मी येणार नाहीये.”

मग त्याने विचारलं, “मावशी कुठाय?”

आणि तुझी लेक म्हणाली, “मावशी घरी नाहीये.”

टेबलावर माझा चहा वाफाळत होता. माझा चष्मा पेपरवर होता. दाराशी माझ्या चपला. तिने मला आत जाताना पाहिलं होतं, कडीचा आवाज ऐकला होता. आणि ती म्हणाली, मावशी घरी नाहीये.

मग त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंत न्हाणीघराला लागून आहे. साबणाची डबी फळीवरून माझ्या मांडीत पडली.

बिट्टे, आता मला मागे जावं लागेल. हे पत्र मी तुझ्या जावयाबद्दल लिहायला बसले असं तुला वाटत असेल. पहिलं पान लिहीपर्यंत मलाही वाटत होतं.

कॅलेंडर आठवतं? साबणाच्या कारखान्याचं, बाबा दर वर्षी आणायचे ते. स्वयंपाकघराच्या दारामागे. तारखेच्या चौकटीत पेन्सिलीचा बारीक ठिपका, डाव्या कोपऱ्यात असला तर माझा दिवस, उजव्या कोपऱ्यात असला तर तुझा. मी बारा, तू नऊ. पद्धत मीच काढली होती. बाबा कामावरून आले की पहिला राग दार उघडणारीवर निघतो, दुसरी समोर नसली तर वाचते, हे आपण आपणच शोधून काढलं होतं. म्हणून एकीने उघडायचं, एकीने न्हाणीघरात बादलीवर बसायचं. ‘आज कोणाचा नंबर?’ सकाळी दात घासताना विचारायचो. रविवारी ते घरीच, म्हणून रविवार धरायचा नाही. आजारी असलं तर दुसरीने घ्यायचं, पण नंतर फेडायचं. न्यायाने वागायचो ग आपण. शाळेत घोकलेल्या सगळ्या प्रार्थनांपेक्षा तो ठिपका आपण जास्त पाळला. आणि आई रेडिओ मोठा करायची. “त्यांचं डोकं दुखतंय आज,” म्हणायची. डोकं बाबांचं दुखायचं, गोळी आपण घ्यायची.

तो सोमवार. शनिवारी तू उघडलं होतंस. सोमवार माझा होता.

शाळा अर्धी होती. आईने मला बाबांचा डबा घेऊन कारखान्यात पाठवलं. पॅकिंगच्या दालनाच्या दारात मी उभी राहिले. साच्याचा ठसा उलटा लागलेल्या वड्यांची खोकीच्या खोकी उघडी पडलेली, आणि बाबांपेक्षा वयाने लहान असलेला साहेब स्टुलावर बसलेला. तो एकेक वडी बाबांच्या हातात द्यायचा. बाबांनी ती वर धरायची आणि मोठ्याने सांगायचं, “उलटा, साहेब.” पुढची. “उलटा, साहेब.” तीस-चाळीस बायका पॅकिंग थांबवून पाहत होत्या. हसत होत्या. बाबांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. ज्यांच्या पावलांच्या आवाजाने आपल्या दोघींची चड्डी ओली व्हायची, त्या माणसाच्या पोटऱ्या. मला किती बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी मान वळवली आणि मला पाहिलं. हातात डबा घेऊन, सगळं पाहणारी मी.

डबा मी तिथेच जमिनीवर ठेवला आणि पळाले. वाटेभर मला एकच कळत होतं, आज ते मला मारून टाकतील. मारतील नव्हे. मारून टाकतील.

घरी तू अंगणात ठिकरी खेळत होतीस. मी स्वयंपाकघराचं दार लावलं, रबराने डाव्या कोपऱ्यातला ठिपका खोडला, आणि उजव्या कोपऱ्यात काढला. फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. मग तुला म्हटलं, “आज तुझा नंबर.”

तू म्हणालीस, “शनिवारी मीच उघडलं होतं ना, ताई?”

मी म्हटलं, “कॅलेंडर बघ.”

तू पाहिलंस. तुझ्या कपाळाला आठी पडली, आणि मग ती गेली. तू स्वतःच्या आठवणीपेक्षा ठिपक्यावर विश्वास ठेवलास. “मला वाटलं,” म्हणालीस, आणि वेणी पुढे घेऊन दाराशी जाऊन बसलीस. नंबर असला की वेणी पुढे घ्यायची, म्हणजे मागून धरता येत नाही, हेसुद्धा मीच शिकवलं होतं.

बादलीवर बसून मी ऐकलं. “ती कुठाय?” बाबांनी विचारलं. आणि तू म्हणालीस, “ताई घरी नाही.”

त्यांनी दाराचा अडसर काढला. सागवानी, तुझ्या मांडीएवढा जाड. मी पाढे म्हणत होते, नन्सनी शिकवले तसे, तालात. तेराचा पाढा चालू असताना तो आवाज आला. पुढे चौतीस वर्षं मी तो आवाज झालेले हात पाहिले, पण आवाज एकदाच ऐकला होता. मंगळवारपर्यंत.

हॉस्पिटलात आईने सांगितलं, जिन्यावरून पडली. आपल्या घराला जिना नव्हता. पांढऱ्या कोटातल्या माणसाने फिल्म उजेडावर लावली, तुझं हाड मला दिसलं, आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मी ठरवलं, मोठी होऊन मी याचं काम करणार. लोकांना सांगते की मला विज्ञानाची आवड होती. आवड कसली, बिट्टे. मला पुन्हा पुन्हा ते हाड बघायचं होतं आणि तिथे ‘पडली’ असं लिहायचं होतं, जणू हजारदा लिहिलं की खरं होईल.

तुझा तो हात वाकडा जुळला. तळवा पूर्ण वर वळत नाही. तुझी ओंजळ होत नाही. नळाखाली तोंड धुताना तू एकाच हाताने पाणी मारतेस, हे पाहवत नाही म्हणून तुझ्या घरी आले की मी सकाळी उशिरा उठते. तुला वाटायचं, ताई आळशी झाली.

शाळेत ज्या मुली कबुलीजबाब द्यायला जायच्या, त्यांच्या त्या लाकडी पेटीचा मला हेवा वाटायचा. आत जायचं, जाळीत तोंड घालून सांगायचं, मोकळं व्हायचं. आपल्याला आत घेत नसत. एकदा एका ननने माझ्या पाठीवरचे वळ पाहिले आणि विचारलं. मी म्हटलं, “पडले, सिस्टर.” पाहा, तो रकाना मी केव्हापासून भरते आहे.

तुला ठाऊक होतं का ग? तू कधीच विचारलं नाहीस. ठाऊक नव्हतं म्हणून, की होतं म्हणून, हे मी चोपन्न वर्षांत ठरवू शकले नाही. या प्रश्नाच्या भीतीनेच मी तुझ्याशी भांडत आले. भांडण चालू असलं की माणूस दुसरं काही विचारत नाही.

असो. कडी.

‘मावशी घरी नाहीये’ हे ऐकल्यावर मी कडी काढली. शूरपणाने नव्हे. ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकत त्या बादलीवर बसणं मला शक्य नव्हतं, एवढंच. कडी दोनदा हातातून निसटली.

त्याने तिला ओट्यापाशी खाली पाडलं होतं. एक गुडघा तिच्या बरगड्यांवर. केसांत हात घालून तिचं डोकं फरशीवर आपटत होता, घाई न करता, खिळा ठोकावा तसं. फरशीच्या फटीतून रक्त जात होतं. आणि तोंडाने म्हणत होता, “कोणी शिकवलं? कोणी शिकवलं?”

बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी तिथे एक जुनी कॅसेट लावून ठेवते. गाण्याची नव्हे. पूर्वी एक्स-रेची फिल्म ज्या चपट्या पेटीत घालायचो ती. मोठा ट्रे असावा एवढी, कडांना पोलादी पट्टी. निवृत्तीला इतरांना घड्याळ मिळतं, मला ही मोडीत काढलेली पेटी दिली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली. त्याला चाहूल लागली. त्याने वर पाहिलं, आणि डावा हात चेहऱ्यापुढे धरला.

मला कुठे लागणार ते माहीत होतं. इतरांना फार तर नेम असतो. मला माहिती होती.

तो आवाज झाला.

दुसरा फटका खांद्यावर बसला. तो बहुधा गरजेचा होता, कारण तुझा जावई अजून तिच्या केसांतून हात काढत नव्हता. तिसरा फटका गरजेचा नव्हता. जावई तोवर भिंतीला टेकून बसला होता, हात पोटाशी धरून, चष्मा उडालेला, डोळे बारीक करून मला शोधत. त्याच्या तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघत होता. तरी मी मारला. बरगडीवर, पट्टीच्या कडेने. आणि बिट्टे, मला बरं वाटलं. चोपन्न वर्षं छातीत बसलेलं काहीतरी हातांतून बाहेर गेलं आणि हात हलके झाले. बाबांना रोज संध्याकाळी सहा वाजता काय मिळत होतं ते मला त्या क्षणी कळलं. साहेबापुढे थरथरलेल्या पोटऱ्या ते असे शांत करत होते. कळलं म्हणून माफ करावंसं वाटलं नाही. माझी मलाच भीती वाटली, ती मात्र खरी.

चौथ्यासाठी मी पेटी उचलली होती. मनीने खालूनच माझा घोटा धरला.

“पुरे, मावशी.”

मी थांबले. मग तुझ्या लेकीने काय केलं सांगू? रांगत जाऊन त्याचा चष्मा शोधला, ताटं पुसायच्या फडक्याने काच पुसली, आणि त्याच्या हातात दिला. डोक्यातून रक्त वाहत असताना. सवय. तो गेला. जिना तो नीट उतरला, मी कठड्यावरून पाहिलं. एकही पायरी चुकला नाही.

आणि हॉस्पिटलात जाऊन म्हणाला, जिन्यावरून पडलो. मला हसू आलं. एका म्हातारीने मारलं हे सांगायची त्याला भीती वाटली. जन्मभर आम्ही बायकांनी वापरलेलं वाक्य त्यानेही वापरलं, आणि फॉर्मवर लिहिलंसुद्धा गेलं.

खालच्या मजल्यावर कोर्टातले काका राहतात, कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. काल म्हणाले, “बाई, तुमचं नशीब जोरावर आहे. तो म्हणतोय पडला, तुम्हीही म्हणा पडला. मिटलं.”

“मिटलं नाही, काका,” मी म्हटलं. “प्लास्टर सहा आठवड्यांनी निघतं.”

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुम्ही खरं सांगायला गेलात तर आधी तुम्हालाच आत बसवतील.”

“बसवू देत. तिथली कडी बाहेरून असते ना? मला जरा बदल हवाच आहे.”

तर, मी सोमवारी सकाळी दहा वाजता पोलीस चौकीत जाणार आहे. मनी येईन म्हणाली आहे. तिच्या फिल्म्स सोबत नेणार आहे, त्यांत जुनं-नवं सगळं मोडलेलं दिसतं. लांब्या सही करून देणार आहे की एकदा पडल्याने बरगडी आणि करंगळी अशी वेगवेगळ्या वर्षी मोडत नाही. माझ्याइतका भित्रा तो नाही. मी तीन फटके सांगणार आहे. पहिला का, दुसरा का, आणि तिसरा गरजेचा नव्हता, हेसुद्धा. आणि पहिल्यांदा तिचं डोकं आपटलं तेव्हा मी न्हाणीघरात होते, हे सर्वांत आधी. इजा कशी झाली, तो रकाना एकदा तरी खरा भरते. त्याचं होईल ते होवो, माझं होईल ते होवो. पण मी खोटं बोलले तर त्याचं खोटं खरं ठरतं, आणि एप्रिलमध्ये तीच बेल वाजते, दोन छोट्या, मग एक.

मनी डळमळते आहे. काल तुझी चिठ्ठी वाचून म्हणाली, “आई म्हणतेय जा, तर जाऊ का मावशी? त्यांचं बटण कोण लावणार?” तुझ्या शब्दावर ती परत जाईल, बिट्टे. माझ्या शब्दावर राहील याची खात्री नाही. मी तर कडी लावून बसलेली मावशी. म्हणून तुला यायला हवं. सोमवारच्या आत. तिच्यासमोर बाही वर कर आणि तिला तुझा हात दाखव. तू सत्तावीस वर्षं तिला सांगत आलीस की तू जिन्यावरून पडली होतीस. तिला सांग की आपल्या घराला जिना नव्हता.

मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. नाही बोललीस तरी चालेल, हात उगारलास तरी चालेल, मी माझा वर धरणार नाही.

रविवारी सकाळची गाडी सव्वाअकराला येते. मी घरीच असेन. बेल वाजव आणि थांब, मला यायला वेळ लागतो, पाय अजून न्हाणीघराकडेच वळतात. पण दार मी उघडीन. त्या सोमवारपासून नंबर माझाच आहे.

तुझी,
घरी असलेली,
ताई